देवगिरीचे ताल आणि डोनाउएशिंगनचा पियानो

आजचा विषय आहे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं आधुनिक पाश्चात्त्य संगीत. लगेच रेडिओ बंद करू नका, पुढे दौलताबादचा किल्ला येणार आहे.

आधी एक खुलासा. ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्या पिढीला गणेशोत्सवातला मांडव आणि हिंदी गाणी आठवतात. इथे मी म्हणतोय तो सत्तर-ऐंशी वादकांचा वाद्यवृंद आणि त्याच्यापुढे बसलेला एकटा पियानोवादक. जर्मनीत राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बेटोफेन किंवा ब्राम्स यांचे असे कॉन्चेर्टो ऐकले असतील. मुलं म्युझिकशूलेत पियानो शिकत असतील तर नक्कीच. पण कार्यक्रमपत्रिकेत १९४५ नंतरचं काही दिसलं की आपण तिकीट काढत नाही. कारण ठरलेलं असतं: ना चाल, ना ताल, आपल्याला ते कळत नाही.

चालीबद्दल मी वाद घालणार नाही. तालाबद्दल मात्र घालणार आहे, कारण त्या संगीतातले काही ताल आपल्या देवगिरीहून आलेले आहेत.

तेराव्या शतकात देवगिरीला यादवांचं राज्य होतं. राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं. आजोबा दक्षिणेत येऊन स्थायिक झाले. म्हणजे स्थलांतरितांची तिसरी पिढी. शार्ङ्गदेवाची नोकरी दरबारच्या हिशेब-दप्तराची. आपल्यातल्या एसएपी आणि कंट्रोलिंगवाल्या मंडळींनी त्याला आपला पूर्वज मानायला हरकत नाही. या हिशेबनिसानं ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याचे सात अध्याय आहेत आणि पाचवा तालाचा. त्यात १२० देशी तालांची यादी आहे.

हे ताल लिहिण्याची पद्धत शाळेत मराठी व्याकरण शिकलेल्या कुणालाही समजेल. वृत्तं शिकताना आपण लघू-गुरू पाडायचो, यमाताराजभानसलगा घोकायचो, तेच इथे. लघू म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन, प्लुत म्हणजे तीन आणि द्रुत म्हणजे अर्धी. याशिवाय विराम नावाची एक खूण असते. ती लावली की त्या मात्रेची लांबी थोडी वाढते.

एक ताल आत्ताच वाजवून बघू. त्याचं नाव ढेंकी. गुरू, लघू, गुरू. म्हणजे आपला र गण, राजभा. दोन, एक, दोन. लांब, आखूड, लांब. टेबलावर वाजवा. आता उलटा वाजवा. तोच ताल आला! ‘चिमा काय कामाची’ कुठूनही वाचलं तरी तेच, तसं हे तालातलं ‘चिमा काय कामाची’. ही गंमत लक्षात ठेवा, कारण पुढे पॅरिसमध्ये एका माणसाला तिनं वेड लावलं.

तो माणूस म्हणजे ओलिव्हिए मेसियाँ. जन्म १९०८, मृत्यू १९९२. पॅरिसच्या एका मोठ्या चर्चमध्ये तो १९३१ पासून अखेरपर्यंत ऑर्गन वाजवत होता. एका जाडजूड फ्रेंच संगीतकोशात भारतावरचा लेख होता आणि त्या लेखात शार्ङ्गदेवाचे १२० ताल दिलेले होते. ती यादी मेसियाँच्या हाती पडली आणि तिनं त्याची लयीची समजच बदलून टाकली. तोवर युरोपीय संगीतातली लय म्हणजे बहुतेक करून दोन, तीन, चारचे सारखे ठोके. इथे छोट्या-मोठ्या मात्रांच्या विषम रांगा होत्या, मध्येच अर्धी मात्रा वाढवणारी खूण होती, उलटसुलट सारखेच असणारे ताल होते. त्यातून त्यानं स्वतःचं तंत्र बांधलं.

त्या तंत्राचा सर्वांत प्रसिद्ध नमुना जर्मनीतच पहिल्यांदा वाजला, आणि तोही युद्धकैद्यांच्या छावणीत. १९४० मध्ये मेसियाँ जर्मन सैन्याच्या हाती सापडला. ग्योर्लिट्सजवळच्या छावणीत त्यानं व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो अशा चौघांसाठी रचना पुरी केली आणि १५ जानेवारी १९४१ रोजी कैद्यांपुढे ती सादर झाली. छावणीची ती जागा आज नदीपलीकडे, पोलंडमध्ये आहे. या रचनेच्या पहिल्या भागात पियानोवादकाला शार्ङ्गदेवाचे तीन ताल एकापुढे एक जोडून दिलेत: रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. तिघांच्या मिळून १७ मात्रालांबी होतात. त्यांच्यावर २९ स्वरसमूहांची माळ फिरत राहते. एक चक्र सतराचं, दुसरं एकोणतीसचं. दोन्ही पुन्हा एकत्र सुरुवातीला कधी येतील? तबला शिकणाऱ्या मुलांना विचारा. सोळा मात्रांच्या तीनतालावर सात मात्रांचा तुकडा फिरवत ठेवला तर ११२ मात्रांनी सम गाठते. इथे १७ गुणिले २९, म्हणजे ४९३. तो भाग जेमतेम अडीच-तीन मिनिटांचा. चक्र पुरं व्हायच्या आत संपतो. सम येतच नाही. काळ संपण्याबद्दलची ही रचना, म्हणून समेशिवाय सोडून दिलेली.

हे चौघांचं झालं. ऑर्केस्ट्रासह पियानो यायचा तर १९४९ सालची ‘तुरंगलीला’ सिंफनी घ्या. तुरंग म्हणजे घोडा, तुरुंग नव्हे. तुरंगलील हे शार्ङ्गदेवाच्या यादीतल्याच एका तालाचं नाव. मेसियाँनं त्याचा अर्थ स्वतःपुरता लावला: घोड्यासारखा धावणारा काळ, आणि लीला म्हणजे खेळ, सृष्टीचा आणि प्रेमाचा. नाव सिंफनी असलं तरी पियानोला कॉन्चेर्टोइतकंच काम आहे. पहिल्या प्रयोगात बॉस्टनला पियानोवर होती इव्होन लोरिओ. ती मेसियाँची विद्यार्थिनी आणि पुढे त्याची पत्नी.

तुरंगलीलेत कळफलकाचं आणखी एक एकलवाद्य आहे, ओंद मार्तनो. विजेवर चालणारं हे वाद्य १९२८ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे आलं. पेटीवर मींड निघत नाही ही आपली जुनी तक्रार. या वाद्यात पट्ट्यांपुढे एक तार असते. वादक बोटात तारेची कडी घालून सरकवतो आणि सूर अखंड घसरत जातो. म्हणजे कळफलक असून मींड! तुरंगलीला ऐकताना ऑर्केस्ट्राच्या वर गाणारा, माणसाच्या गळ्यासारखा सूर कानावर आला की समजा, ते ओंद.

आता पुन्हा जर्मनीकडे. ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला डोनाउएशिंगन नावाचं छोटं गाव आहे. डॅन्यूबचा उगम बघायला आपल्यातले अनेक जण तिथे जाऊन आले असतील. १९२१ पासून तिथे नव्या संगीताचा महोत्सव भरतो; आता तो ऑक्टोबरात असतो. १९५३ मध्ये तिथे मेसियाँची ‘पक्ष्यांची जाग’ ही पियानो आणि ऑर्केस्ट्राची रचना पहिल्यांदा वाजली, पियानोवर पुन्हा लोरिओ. मध्यरात्रीपासून दुपारपर्यंतचे पक्षी, बाकी काही नाही. १९६४ मध्ये तिथेच ‘स्वर्गीय नगरीचे रंग’ वाजली. पियानो, तीन क्लॅरिनेट, पितळी वाद्यं आणि तालवाद्यं असा मेळ, आणि त्यात पुन्हा शार्ङ्गदेवाचे ताल. दौलताबादच्या यादीतले ताल डॅन्यूबच्या उगमापर्यंत पोचले ते असे.

इथे थोडं थांबू. हा मजकूर उद्या व्हॉट्सॲपवर ‘बघा, सगळं आपल्याकडेच होतं’ अशा मथळ्यानं फिरायला नको. मेसियाँनं घेतला तो तालांचा सांगाडा, कागदावरच्या लघू-गुरूंची रांग. आपला ताल आवर्तनात जगतो: ठेका, खाली, भरी आणि समेवर येण्याचं सुख. ते त्यानं घेतलं नाही. या तालांचा तो ओळीसारखा वापर करतो. ओढतो, आखडतो, एकावर एक रचतो. जे बांधलं ते त्याचं आहे. आणि शार्ङ्गदेवानं नोंदवलेले यातले बरेच ताल आज आपल्याही मैफिलीत वाजत नाहीत. ते राहिले पुस्तकात, आणि पुस्तकातून ते पॅरिसच्या एका ऑर्गनवादकानं वाचले. म्हणून इथे अभिमानाचा मुद्दा मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही आणि ‘चोरी’चा तर नाहीच. मुद्दा असा की या दारातून आत जायला आपल्या कानांना आधीच अर्धी ओळख आहे.

आणि हे फक्त मेसियाँपुरतं नाही. हंगेरीतून निर्वासित म्हणून आलेला ग्यॉर्गी लिगेटी १९७३ पासून हँबुर्गला शिकवत होता. त्याचा पियानो कॉन्चेर्टो १९८८ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या पहिल्याच भागात दोन मापं एकाच वेळी चालतात, एकात तिनाची वाटणी आणि दुसऱ्यात दोन-चाराची. त्याची प्रेरणा भारतीय नव्हे, मध्य आफ्रिकेतली होती. पण आडी लय ऐकलेल्या माणसाला तिथे काय चाललंय हे कुणी समजवावं लागत नाही. १९८५ मध्ये सोलहून शिष्यवृत्तीवर त्याच्याकडे शिकायला आलेली उनसुक चिन पुढे बर्लिनला स्थायिक झाली. १९९७ मध्ये तिनंही पियानो कॉन्चेर्टो पूर्ण केला. परक्या देशात येऊन दोन्हीकडचं घेऊन लिहिणारी माणसं याच देशात, आपल्या आसपास आहेत.

हे सगळं सांगण्याचं कारण आपल्या घरात आहे. मंगळवारी म्युझिकशूलेत पियानो आणि रविवारी पुण्याच्या गुरुजींकडे ऑनलाइन तबला, असं वेळापत्रक अनेक घरांत असतं. मुलांच्या डोक्यात मात्र हे दोन कप्पे असतात: पियानो जर्मन आणि तबला आई-बाबांचा. बारा-तेराव्या वर्षी अभ्यास वाढतो, एक कप्पा बंद करायची वेळ येते आणि बहुतेक वेळा कुठला बंद होतो हे तुम्ही जाणता. मुलांना आपण ‘आपली संस्कृती’ म्हणून आग्रह करतो, त्याचा परिणाम उलटच होतो. त्याऐवजी त्यांना दाखवा की हे कप्पे मुळात वेगळे नाहीत. पियानो शिकवणाऱ्या बाईंना मुलीनंच सांगू दे की मेसियाँचा अमुक ताल मला हातावर मोजता येतो. त्या बाईंनाही ते नवं असेल.

सुरुवात कुठून करायची? तुरंगलीलेपासून नको, तिचे दहा भाग आणि सव्वा तासाहून अधिक लांबी. आधी घ्या १९५६ सालची ‘परदेशी पक्षी’, फ्रेंचमध्ये ‘वाझो एक्झोटिक’. पियानो, फुंकवाद्यं आणि तालवाद्यं, सगळं मिळून पंधरा मिनिटांच्या आसपास. सुरुवातीलाच भारतातली मैना बोलते, पुढे शामा येते, आणि तालवाद्यांत शार्ङ्गदेवाचे ताल चालू असतात. पहिल्यांदा फक्त पक्षी ऐका. दुसऱ्यांदा फक्त तालवाद्यं. सम शोधू नका, ती मिळणार नाही. लांब आणि आखूड एवढंच ऐका.

आणि यासाठी वेगळा खर्च नाही. दर महिन्याला आपण सगळे जो रेडिओ-कर कुरकुरत भरतो, त्यातूनच इथल्या रेडिओ केंद्रांचे ऑर्केस्ट्रा चालतात आणि डोनाउएशिंगनच्या मैफिलीही प्रसारित होतात. भरलेल्या पैशांचा परतावा घ्यायला आपल्याला कुणी शिकवायला नको.

पुढच्या सुट्टीत वेरूळ बघायला गेलात तर वाटेत दौलताबादला थांबालच. किल्ला चढून दम लागला की मुलांना सांगा, इथे एक हिशेबनीस राहायचा. आणि पायरीवर बसून ढेंकी वाजवा. दोन, एक, दोन.

ऐकत राहा. नमस्कार.