आजीचा मोगरा आणि माझं खोटं नेटवर्क

आज कोडिंग नाही, जॉब स्विच नाही. आज एका मोगऱ्याबद्दल बोलू.

वाईजवळ आमचं घर आहे. रस्ता रुंद करायचा म्हणून पुढचं अंगण जाणार होतं, आणि त्याच अंगणात आजोबांनी लावलेला मोगरा. आजी म्हणाली, "तू ने बाबा पुण्याला, नाहीतर जेसीबीखाली जाईल." असं काम खरं तर पाऊस लागल्यावर करायचं. पण जेसीबी काय पावसाची वाट बघणार? मे महिन्यातच काढावा लागला. भर दुपारी काढला, ही मात्र माझी हुशारी. आदल्या दिवशी बुंध्याला भरपूर पाणी दिलं असतं तर माती मुळांना धरून राहिली असती. तेही नाही केलं. कुदळीने मुळं तुटली, माती गळून गेली.

पुण्यात 14 इंची कुंडी आणली, झाड लावलं, बाल्कनीत ठेवलं. तिथे दुपारनंतर कडक ऊन. दोन दिवसांत पानांनी माना टाकल्या. मला वाटलं, तहानलंय. मग सकाळ-संध्याकाळ पाणी, वर मूठभर खत. आठव्या दिवशी नुसत्या काड्या!

आजीचा व्हिडिओ कॉल यायचा. "मोगरा दाखव की रे." मी म्हणायचो, नेटवर्क नाही. असं तीनदा.

आता यात नेमकं काय होतं बघा. झाड पाणी ओढतं ते मुळांच्या टोकांजवळच्या केसासारख्या बारीक तंतूंनी. झाड उपटताना सगळ्यात आधी तेच तुटतात. पानं मात्र हवेत पाणी सोडतच राहतात. म्हणजे सर्व्हर अर्धे बंद पडलेत आणि ट्रॅफिक तेवढंच आहे. त्यात आपण आणखी पाणी ओतलं की मातीतली हवा जाते, मुळांना श्वास मिळत नाही, ती कुजतात. खताने तर उरलीसुरली मुळंही भाजतात.

चौथ्या कॉलला आजीने सरळ विचारलं, "मेलाय का?" मी गप्प. ती म्हणाली, "नखानं साल खरवडून बघ की आधी."

शेंड्याकडे तपकिरी. खाली, बुंध्याजवळ हिरवं.

मग कामाला लागलो. वरचं खत काढलं. कुंडीचं भोक मातीने बुजलं होतं, ते मोकळं केलं. वाळक्या फांद्या हिरवं लागेपर्यंत छाटल्या, जिवंत होत्या त्याही निम्म्यावर आणल्या. कापताना जीव तुटत होता हो, पण वरचा भार कमी करायलाच हवा. कुंडी किचनच्या खिडकीत ठेवली, उजेड आहे पण थेट ऊन नाही. पाणी कधी? बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच. आणि बुंधा हलवून "धरलं का" बघायचं नाही. मी रोज बघायचो, त्यात नवी मुळं तुटतात.

23 दिवस काहीच नाही. सगळ्यात अवघड हेच, काही न करणं. मग एका सकाळी बुंध्यातून तांदळाच्या दाण्याएवढा कोंब!

चार-पाच पानं नीट मोठी झाल्यावर रोज थोडं थोडं सकाळचं ऊन दाखवायला लागलो. खत त्यानंतर, तेही चमचाभर शेणखत. फुलं यंदा येतील असं वाटत नाही. आजीला कॅमेऱ्यात कोंब दाखवला, तर म्हणते, "दिसत नाही रे, जवळ धर." आता नेटवर्क अगदी व्यवस्थित आहे.