समुद्रकाठची वाडी आणि मुक्कामाला येणारा पाहुणा



शेतीच्या कार्यक्रमात हॉटेलची गोष्ट कशाला, असं काही जणांना वाटेल. पण आपल्या किनाऱ्यावर दिवेआगर, हर्णै, गुहागर, तारकर्ली कुठेही जा, नारळ-सुपारीच्या वाडीच्या तोंडाशी 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' अशी पाटी दिसते. ही पाटी लावणारा बहुतेक वेळा शेतकरीच असतो. वाडी त्याची, विहीर त्याची आणि चुलीपुढे बसणारी त्याच्याच घरची बाई. म्हणजे हा विषय आपलाच झाला.

सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि पाहुण्यांचा ओघ वाढत गेला. पाहुणा येतो ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्याच्यासाठी वाडीचं काय करायचं, हे आधी नीट ठरवलं पाहिजे. मी स्वतः एका एप्रिल महिन्यात कामानिमित्त फिरताना एकाच गावात दोन रात्री दोन ठिकाणी राहिलो. तो अनुभव सांगतो.

पहिली रात्र नव्या बांधलेल्या हॉटेलात. जागा छान, खोल्या गार, न्हाणीघरात फवारा. जेवायला पनीर, नूडल्स आणि बर्फातला पापलेट. तो कुठल्या बंदरातून आला, हे वाढणाऱ्या पोराला ठाऊक नव्हतं. सकाळी चूळ भरली तर पाणी मचूळ! मालक भला माणूस. म्हणाला, "साहेब, प्यायचं पाणी टँकरनं आणतो. पूर्वी आमची विहीर गोडी होती." खोल्यांसाठी सुपारीची चाळीसेक झाडं त्यांनी तोडली होती, कर्ज काढलं होतं. उरलेल्या माडांच्या झावळ्या टोकाकडून करपत होत्या आणि बोंडं गळत होती. खोल्या भरल्या तरी हप्ता आणि टँकर यातच पैसा जातो, असं त्यांनीच सांगितलं.

दुसरी रात्र त्याच पाणंदीला पुढे, एका अण्णांच्या घरी. अण्णांनी नवीन काही बांधलं नव्हतं. घराच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्या चुन्यानं रंगवल्या, धुतलेल्या चादरी घातल्या, संडास-न्हाणीघर मात्र चकचकीत केलं. रात्री पानात तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ, कुळथाचं पिठलं, तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण आणि सोलकढी. सकाळी घावणे आणि नारळाचा गूळ घातलेला रस. मी अण्णांना विचारलं, यात बाजारातून आणलेलं काय? त्यांनी बोटं मोजली: तेल, मीठ, गूळ आणि बांगडा. बाकी सगळं वाडीतलं किंवा शेतातलं. बांगडाही सकाळच्या लिलावातला. खरं सांगायचं तर त्या रात्री मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

या दोन घरांमधला खरा फरक विहिरीत आहे.

समुद्राजवळच्या पुळणीच्या जमिनीत गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. शास्त्राचा ठोकताळा असा की, समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची जेवढी उंची, त्याच्या सुमारे 40 पट खोलीपर्यंत ते खाली साठलेलं असतं. याचा उलटा अर्थ ध्यानात घ्या. उपसा करून गोड्या पाण्याची पातळी कायमची 1 मीटर खाली नेली, तर खारं पाणी खालून 40 मीटरपर्यंत वर सरकू शकतं. एकदा विहीर मचूळ झाली की एका पावसात ती सुधारेलच असं नाही.

आता हिशेब करू. हॉटेलात माणशी दिवसाला 180 लिटर पाणी धरतात. दोन खोल्यांत मिळून आठ माणसं राहिली तर 1440 लिटर झालं. उन्हाळ्यात ठिबकवर एका माडाला रोज 40 लिटर धरलं, तर हे 36 माडांचं पाणी झालं. आणि पाहुण्यांची गर्दी नेमकी एप्रिल-मे मध्ये, म्हणजे विहीर तळाला गेलेली असते तेव्हा!

अण्णा काय करतात पाहा. न्हाणीघरात फवारा नाही, बादली आणि तांब्या आहे. पंप सलग चालवत नाहीत, सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास. विहिरीत गाठी मारलेला दोर सोडलेला आहे. पाणी तिसऱ्या गाठीखाली गेलं की एक खोली बंद, मग मुंबईहून कितीही फोन येवोत. आंघोळीचं पाणी चर खणून केळी, अळू आणि कर्दळीच्या वाफ्यात सोडलं आहे. खरकट्याचं, तेलकट पाणी मात्र माडाच्या आळ्यात सोडू नये. संडासची टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून किमान 15 मीटर लांब हवा. पुळणीत घाण लवकर झिरपते, म्हणून जागा असेल तर आणखी लांब आणि उताराच्या बाजूला ठेवावा. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि एप्रिलअखेर, विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं.

पानात काय वाढायचं, याचं नियोजन पेरणीसारखंच आधी करायचं असतं. फेब्रुवारीपासून ओले काजू आणि कोवळा फणस. मे महिन्यात आंबा, फणसाचं सांदण, करवंदं. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या. दिवाळीनंतर नवा तांदूळ, नाचणी, पावटा. मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी असते, तेव्हा ताजा मासा मागणाऱ्याला सरळ नाही म्हणावं आणि सुकटीची चटणी वाढावी. शहराचा माणूस त्यावर खूष होतो, असं मी पाहिलं आहे. नव्यानं लागवड करणार असाल तर माडांच्या सावलीत जायफळ, दालचिनी आणि माडावर काळी मिरी लावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं नारळ आणि मसाला पिकांच्या अशा बागेला लाखी बाग हे नाव दिलं आहे. जेवून उठलेला पाहुणा बागेत फिरतो आणि जाताना पाव किलो मिरी घेऊन जातो. त्यात मधला व्यापारी नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. नारळाच्या दुधाची सोलकढी उन्हाळ्यात बाहेर ठेवली तर लवकर खराब होते, तरी जेवणाच्या आधीच करावी आणि उरलेली दुसऱ्या दिवशी वाढू नये. ओल्या काजूच्या चिकानं कातडी भाजते. पाहुण्यांची मुलं हौसेनं काजू फोडायला बसतात, त्यांना बसू देऊ नये.

आता जरा घरातल्या बाजूबद्दल. निघताना मी वहिनींना विचारलं, तुम्हाला हा धंदा कसा वाटतो? त्या म्हणाल्या, "पाहुणे चांगले असतात हो, पण मी जेवते तेव्हा चार वाजलेले असतात." अण्णा गप्प झाले. एप्रिल-मे म्हणजे आंब्याची काढणी, पेट्या भरणं, काजूबिया वाळवणं आणि त्यातच पाहुण्यांचा स्वयंपाक. खर्चाच्या वहीत तेल, गूळ, मासळी, वीज सगळं मांडलेलं होतं. वहिनींची मजुरी कुठे नव्हती. बाईची मजुरी न धरता काढलेला नफा हा नफा नव्हे, हे मी तेव्हाही बोललो आणि आजही बोलतो. पुढच्या हंगामात त्यांनी शेजारच्या बचत गटाच्या दोघींना भाकऱ्या आणि भांड्यांसाठी रोजावर घेतलं. दर माणशी थोडा वाढवला. त्यामुळे एकही पाहुणा कमी झाला नाही.

मंडणगड तालुक्यातलं वेळास गावही पाहण्यासारखं आहे. तिथे 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले आणि गावातल्या घरांतून त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय झाली. मोठं हॉटेल उभारल्याशिवाय गावात पैसा आला.

पाहुण्याला समुद्राबद्दल सांगणं हेही आपलंच काम. आपल्या किनाऱ्यावर भरतीचा जुना ठोकळ हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला सुमारे तीन, अष्टमीला सुमारे सहा. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, म्हणून छापील वेळापत्रकही भिंतीवर लावावं. ओहोटी लागलेली असताना आणि पावसाळ्यात पाहुण्याला पाण्यात उतरू देऊ नये. राग आला तरी चालेल.

आणि सगळा भार पाहुण्यावर टाकू नका. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पाहुणा बंद झाला. लगेच 3 जूनला निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडच्या वाड्या आडव्या केल्या. माड-सुपारी पुन्हा लावून फळ धरायला सहा-आठ वर्षं लागतात. त्या वर्षी ज्यांच्या डोक्यावर खोल्यांचं कर्ज नव्हतं आणि कणगीत भात होतं, ते कसेबसे तगले. म्हणून खोल्या दोनच असू द्या आणि भातशेती पडीक टाकू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. किनाऱ्यालगतच्या बांधकामाला सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात. ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत, तर दाट वस्तीच्या भागात 50 मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे, असं 2019 ची अधिसूचना सांगते. असलेल्या घरात, जोतं आणि दर्शनी भाग न बदलता, स्थानिकांना निवासाची सोय करण्याची वाट त्यात ठेवली आहे. तरी वीट रचण्याआधी चौकशी करा. जेवण विकायचं तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं. त्यात किमान 1 एकर शेतजमीन असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते.

ज्यांना या दिवाळीपासून सुरुवात करायची आहे त्यांनी सातबारा, आठ-अ आणि घराचा साधा नकाशा घेऊन आपल्या तालुका कृषी कार्यालयात यावं. येताना विहिरीच्या पाण्याची एक स्वच्छ बाटली भरून आणावी.