पाणी अडविण्याआधीं वांटणीचा ठराव करा

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



पाऊस कमी म्हणून आपण दैवाला बोल लावितों. पण हिशेब करून पहा. एक एकर जमिनीवर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें 1 लाख लिटर पाणी होतें. हें पाणी उघड्या डोंगरावरून धांवत सुटतें आणि जातांना आपल्या शेतांची माती घेऊन जातें. मग चैत्रांत आपल्या आयाबहिणी हंडा घेऊन वणवण फिरतात.

उपाय नवा नाहीं. जोतीराव फुले यांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत सुचविलें होतें कीं, पावसाचें पाणी शेतांत मुरावें अशा बेतानें जागोजाग तालीवजा बंधारे बांधावे. काम माथ्यापासून सुरू करावें. वर समतल चर, खालीं ओघळींना दगडी बांध, शेतांना ताली आणि पायथ्याशीं पाझर तलाव. पायथ्यापासून आरंभ केला तर वरची माती येऊन तलाव गाळानें भरतो.

पण आज आम्हांस सांगावयाचें आहे तें याच्या पुढचें. बांध घालावयास सारा गांव येतो. कुंभार येतो, लोहार येतो; ज्याला गुंठाभर जमीन नाहीं तो मजूरही घमेलें उचलतो. पाणी मुरतें, आणि मग तें निघतें कोणाच्या विहिरींतून? ज्याची जमीन तलावाखालीं आणि ज्याचा पंप मोठा, त्याच्या! तो ऊंस लावतो. आणि ज्याच्या घामानें तलाव झाला त्याची बायको त्याच्याच बांधावर हंडा घेऊन उभी राहते. हा कोणता न्याय?

कोणी म्हणेल, "विहीर माझी, म्हणून पाणी माझें." आम्ही विचारतों, तें पडलें कोठें? गायरानावर. मुरलें कोठें? शेजाऱ्याच्या शेतांत. पाण्याला सातबारा ठाऊक नाहीं. तें साऱ्या शिवाराचें आहे.

हें नुसतें बोलणें नव्हे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें देवस्थानची सुमारें 40 एकर माळजमीन खंडानें घेतली. तेथें ताली घातल्या, पाझर तलाव व विहीर केली आणि पडीक माळ पिकविला. त्यांतून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम ध्यानांत ठेवा. पाणी जमिनीच्या मापानें नव्हे, घरांतील माणसांच्या संख्येनें. माणशीं अर्ध्या एकरापुरतें, कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरतें. ऊंस लावावयाचा नाहीं. भूमिहीनासही वांटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाहीं. खर्चाचा शेंकडा 20 हिस्सा शेतकऱ्यांनीं स्वतः घालावयाचा. फुकट मिळालेल्या वस्तूची राखण कोणी करीत नाहीं.

नगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें 1989 नंतर हाच विचार निराळ्या रीतीनें चालविला. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें गांवानें शेतीसाठीं बोअर घेण्यास बंदी केली, ऊंस व केळी वर्ज्य केलीं, मोकाट चराई थांबविली. पावसाळा सरला कीं सारा गांव बसून पाण्याचा जमाखर्च मांडतो आणि मग पीक ठरवितो.

पाण्याची शुद्धताही याच हिशेबांत येते. चढाओढीनें बोअर खोल नेले कीं कांहीं भागांत फ्लोराईडचें पाणी लागतें. त्यानें मुलांच्या दांतांवर डाग पडतात, पुढें हाडें ताठतात. युरिया बेसुमार टाकला तर त्याचें नायट्रेट झिरपून विहिरींत उतरतें. विहिरीच्या वरच्या अंगास उकिरडा किंवा संडासाचा खड्डा असला तर रोग घरांत आलाच. हें सारें एकट्यानें आवरत नाहीं; गांवानेंच आवरावें लागतें.

म्हणून आमचें मागणें एवढेंच. टिकाव उचलण्याआधीं ग्रामसभा भरवा. पहिला ठराव पिण्याच्या पाण्याचा करा, दुसरा भूमिहीनाच्या वांट्याचा, तिसरा बोअर व उंसाच्या बंदीचा. ठराव कागदावर उतरवा, सह्याअंगठे घ्या, आणि त्या बैठकींत बायकांना पुढें बसवा. कारण हंड्याचें ओझें त्यांच्या डोक्यावर आहे. असा ठराव झाल्यावांचून कोणी श्रमदानाला बोलाविलें, तर त्याला आधीं विचारा, "पाणी कोणाच्या विहिरींत जाणार?"