निनावी जाहिरात आणि आपली पुंजी
(जबलपूर येथील कामगार सभेत केलेले भाषण)



आज आम्ही महागाई भत्त्यावर बोलणार नाही. बोलायचे आहे ते आपल्या घरातल्या बेकार मुलामुलींविषयी आणि त्यांच्या आशेवर टपलेल्या लोकांविषयी. निवृत्त होणाऱ्याच्या हाती फंड आणि ग्रॅच्युइटी पडते, हे आपल्याइतकेच या ठगांनाही ठाऊक असते.

२०२२ साली दिल्लीत काय घडले ते ऐका. टी.टी.ई., क्लार्क अशा जागा देतो म्हणून तामिळनाडूच्या २८ तरुणांना तेथे नेले. महिनाभर, रोज आठ तास, नवी दिल्ली स्टेशनच्या फलाटांवर उभे करून गाड्या आणि डबे मोजायला लावले. हेच तुमचे ट्रेनिंग, असे सांगितले. नेमणुकीची पत्रे बनावट निघाली. २ कोटी ६७ लाख रुपये गेले. त्यांच्या घरात एखादा पॉइंट्समन असता, तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितले असते की गाडी कधी आली-गेली हे स्टेशन मास्तरच्या रजिस्टरात असते; ते मोजायला कोणी नोकर ठेवत नाही.

मग ज्या जाहिरातीत देणाऱ्याचे नाव नाही, नुसता बॉक्स नंबर किंवा मोबाईल नंबर आहे, ती खोटीच समजायची का? तसे नाही. एखादा खाजगी कारखानदार जुन्या नोकरांना किंवा स्पर्धकाला कळू नये म्हणून नाव झाकतो. अशा ठिकाणी अर्ज जरूर करावा. पण पहिल्या पत्रात फक्त शिक्षण आणि अनुभव लिहावा. आधार, बँकेचा खाते नंबर, मूळ प्रमाणपत्रे देऊ नयेत. मुलाखतीपूर्वी कंपनीचे नाव आणि पत्ता विचारावा. तो सांगत नसेल, किंवा मुलाखत हॉटेलात ठेवून 'डिपॉझिट' मागत असेल, तर पुढे जाऊ नये. जो पगार देणार, तो आधी पैसे मागत नाही.

सरकारी नोकरीची गोष्ट मात्र वेगळी. तेथे निनावी जाहिरात असूच शकत नाही. रेल्वेची भरती रेल्वे भरती बोर्ड किंवा रेल्वे भरती कक्ष करतो. जाहिरातीला क्रमांक असतो, ती बोर्डाच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळते. आपल्या पश्चिम मध्य रेल्वेसाठी भोपाळचे बोर्ड आहे, आणि भरती कक्ष येथेच जबलपूरला आहे. रेल्वेने एजंट नेमलेले नाहीत. पोस्टातील ग्रामीण डाक सेवकांची निवड दहावीच्या गुणांवर होते. परीक्षा नाही, मुलाखतही नाही. मग 'मुलाखतीत पास करून देतो' म्हणणारा काय विकतो आहे? उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केले की सार्वजनिक नोकरी उघड स्पर्धेतूनच दिली पाहिजे. मागच्या दाराने मिळालेली नोकरी, मिळालीच तरी, टिकत नाही.

दोन ठिकाणी आपले लोक हमखास फसतात. वडिलांनी निवृत्ती घेऊन मुलाला जागा देण्याची लार्सजेस योजना २०१८ साली बंद झाली. तिच्या नावावर कोणी पैसे मागत असेल तर तो ठग आहे. दुसरे, अनुकंपा नेमणूक. कामगार गेल्यावर त्याच्या विधवेकडे मध्यस्थ लगेच पोहोचतो. त्या अर्जाला फी नाही. वेल्फेअर इन्स्पेक्टर आणि युनियनची शाखा त्यासाठीच आहेत.

पोस्टातल्या बंधूंना खास विनंती. 'जबलपूर मुख्यालय' असे छापलेल्या पाकिटावर शिक्का भलत्याच गावाचा असेल, तर तो आधी तुमच्या नजरेस पडतो. ओळखीच्या घरी पत्र देताना दोन शब्द जरूर सांगा.

आणि कोणी फसलाच, तर गप्प बसू नका. पैसे पाठवल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातचे जातात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक करून पैसे उकळणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपली लाज हेच त्याचे भांडवल आहे.

बेकारी वाढते तेव्हा हा धंदा वाढतो. म्हणून रिक्त जागा भरा, ही आपली मागणी कायम आहे. पण ती पुरी होईपर्यंत प्रत्येक शाखेने एवढे करावे: जाहिरात हाती आली की पैसे देण्याआधी ती युनियन ऑफिसात दाखवावी. चार जाणत्या माणसांनी वाचलेली जाहिरात सहसा फसवत नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!