पाळण्याचा दांडा कुणाच्या मापाचा?

(अर्धापूर येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘जत्रेतले पाळणे आणि अंगानं मोठ्या बायका’ असा विषय वाचून काहीजणी हसल्या. एका जुन्या कार्यकर्तीनं मला बाजूला घेऊन विचारलं, ताई, दारू, हुंडा, पाणी, पीकविमा असं सगळं पडलेलं असताना हे कुठून काढलंस? तिचा प्रश्न रास्त आहे. पण हसू का आलं, याचाही विचार करू या. जाड बाई पाळण्यात बसते म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विनोदच उभा राहतो. हिंदी सिनेमातली टुणटुण आठवा. उमादेवी या नावानं ती आधी गायिका होती. १९४७ सालच्या ‘दर्द’ सिनेमातल्या तिच्या गाण्यानं देशभर नाव झालं होतं. पुढे ती पडद्यावर आली ती हसण्यासाठीच. बाईचा गळा लोक विसरले, अंग लक्षात ठेवलं.

आता जत्रेकडे येते. आपल्या जिल्ह्यात जत्रा म्हटलं की लोहा तालुक्यातलं माळेगाव. मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, घोडे-गाढवांचा बाजार लागतो, तमाशाचे फड उतरतात. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा. शिवाय गावोगावचे उरूस आणि जत्रा आहेतच. अशा ठिकाणी आकाशपाळणा, नाव, ड्रॅगन, ब्रेक डान्स हे आता ठरलेलेच. ज्या बाईला वर्षभर शेत आणि चूल यापलीकडे जायला मिळत नाही तिला जत्रेत चार घटका मोकळ्या मिळतात. तेव्हा पाळण्यात बसणं ही चैन आहे असं मला कुणी सांगू नये. पुरुष पानटपरीवर रोज बसतो, त्याला आपण चैन म्हणत नाही.

आणि झोका आपल्याला नवा नाही. पंचमीला लिंबाच्या फांदीला दोर टाकून आपण सगळ्या बसत आलो. तिथे बाईचं वजन कुणी विचारत नाही. आधी दोराला दोघी-तिघी लटकून बघतात, फांदी हलवून बघतात, मगच फळी बांधतात. म्हणजे तपासणी दोराची होते. जत्रेत नेमकं उलट होतं. तपासलं जातं बाईला, आणि तेही डोळ्यांनी, चारचौघांत.

एका जत्रेत आमच्या गटातली एक ताई सहा वर्षांच्या नातीला घेऊन नावेत बसायला गेली. तिकीट काढताना पोरगा म्हणाला, “मावशी, दोन तिकिटं लागतील तुमची.” रांगेतली माणसं हसली. मागून कुणीतरी म्हणालं, “पाळणा मोडंल की!” मग त्यानं विचारलं, “पोटुशी हायत का?” ताईचं वय पन्नासच्या पुढे. गरोदर बाईनं असल्या पाळण्यात बसू नये, म्हणून विचारणं चूक नाही, पण ते कानाशीही विचारता येतं. ती बसली. दांडा पोटाला टेकला आणि खटका काही पडेना. पोरानं दोनदा गुडघ्यानं दाबला, मग सुतळी बांधली आणि नाव सोडली. ताईला कळत होतं की दांडा लागलेला नाही. ती बोलली नाही. का बोलली नाही, तर पुन्हा हसतील म्हणून. नावेनं जोर धरला तसं नात सीटवरून उचलली जायला लागली. ताईनं एका हातानं तिला कवेत धरलं आणि दुसऱ्या हातानं दांडा. खाली उतरल्यावर दोघींचे हात थरथरत होते.

माझा मुद्दा इथे सुरू होतो. लाज ही नुसती मनाची गोष्ट नाही. लाजेपायी बाई खटका लागला नाही हे सांगत नाही, आणि मग तो जिवाचा प्रश्न होतो.

यातलं यंत्र थोडं समजून घ्या. अवघड काही नाही. बऱ्याच पाळण्यांत दोघातिघांच्या मांडीवर मिळून एकच दांडा येतो. तो सगळ्यात मोठ्या पोटाला टेकून थांबतो. शेजारी लेकरू असेल तर त्याच्या मांडीपासून तो वीतभर वरच राहतो. म्हणजे आजी अडकून बसते आणि नात मोकळी राहते. आपल्याकडे आई, मावशी, आजी लेकराला घेऊनच बसणार, त्यामुळे मोठ्या अंगाच्या बाईसाठी नीट जागा नसणं हा लहान मुलांच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे. यावर उपाय आहेत. प्रत्येकाला वेगळा दांडा किंवा लांब होणारा पट्टा असला म्हणजे प्रश्न मिटतो. ते नसेल तर एका दांड्याखाली सारख्या अंगाच्यांनी बसावं आणि लेकरानं लेकरांच्या पाळण्यात. ब्रेक डान्समध्ये गरगर फिरताना सगळे बाहेरच्या कडेला फेकले जातात. तिथे मोठ्या माणसानं बाहेरच्या बाजूला बसायचं असतं, नाहीतर त्याचा भार लेकरावर येतो. हे किती जत्रांत सांगतात? मी तरी ऐकलेलं नाही.

“तुमच्यामुळे पाळणा मोडेल” हे वाक्य तर सोडूनच द्या. नांदेडला दवाखान्याच्या लिफ्टमध्ये पाटी वाचली असेल : ६ माणसे, ४०८ किलो. म्हणजे माणशी ६८ किलो धरले. सगळ्यांचं मिळून वजन धरलेलं असतं, त्यात कुणी पन्नासचा, कुणी नव्वदचा. पाळण्याचंही असंच आहे. ९५ किलोच्या एका बाईनं धड पाळणा मोडत नाही. चौघांच्या पेटीत सहाजण कोंबले, बोल्ट झिजला, वेल्डिंगला तडा गेला की मोडतो. आकाशपाळण्यात समोरासमोरच्या पेट्यांत भार सारखा ठेवावा लागतो, तेव्हा “मावशी, तुम्ही त्या पेटीत बसा” असं सांगणं योग्यच आहे. ते सांगताना हसायची गरज नसते.

१४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या बागेत झोके घेणारा मोठा पाळणा मधल्या दांड्यापासून तुटून पडला. दोघे मेले, तीसेक माणसं जखमी झाली. तिथे कुणा जाड बाईचा दोष नव्हता.

मोठ्या देशात सगळं नीट असतं असंही समजू नका. अमेरिकेत टेक्सासच्या एका बागेत जुलै २०१३ मध्ये ५२ वर्षांची एक बाई धावत्या गाडीतून खाली पडून मेली. दांडा नीट लागला की नाही याची तिला शंका होती, असं शेजारून पाहणाऱ्यांनी सांगितलं. ती मेल्यावर बागेनं त्या गाडीला पट्टे बसवले आणि बाहेर एक नमुन्याची सीट ठेवली, म्हणजे रांगेत उभं राहण्याआधी बसून बघता येईल. मार्च २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात १४ वर्षांचा एक मुलगा उंचावरून खाली येणाऱ्या पाळण्यातून निसटला. बनवणाऱ्यांच्या पुस्तकात वजनाची मर्यादा १३० किलोच्या आसपास लिहिलेली होती, मुलगा त्याहून बराच जड होता. चौकशीत असं निघालं की त्याच्या सीटचा सेन्सर हातानं बदलून ठेवला होता. एरवी खांद्यावरचं कडं आणि सीट यांत तीनेक इंचांची फट चालते, तिथे सात इंच असूनही यंत्र ‘ठीक आहे’ सांगत होतं. त्याच रात्री इतर पाळण्यांवरून त्याला परत पाठवलं होतं, असं त्याच्या वडिलांनी सांगितलं. पुढच्या वर्षी त्याच्या नावानं तिथे कायदा झाला.

तेव्हा हसून हाकलणं आणि कसंतरी कोंबून बसवणं, ही एकाच निष्काळजीपणाची दोन रूपं आहेत. दोन्हींत मोजमाप कुणी करत नाही. विमानात पट्टा पुरत नसेल तर जोडपट्टा मागता येतो, बाई तो गुपचूप आणून देते. एवढंच आपल्यालाही हवंय. जिथे बसणं धोक्याचं आहे तिथे “नाही” ऐकायलाही आपली तयारी हवी. फक्त ते तिकिटाआधी आणि पाटीवर लिहून सांगा. खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ पासून आहे. अशा बागांत उंचीच्या, आजारांच्या पाट्या तरी असतात. जत्रेत पाटी असते ती तिकिटाच्या दराची.

मघाचा प्रश्न राहिला, की आपल्या बाया उपाशी असताना हे कशाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १८.७ टक्के बायका प्रमाणापेक्षा बारीक निघाल्या, आणि २४ टक्के प्रमाणापेक्षा जाड. खेड्यातसुद्धा जाड असणाऱ्या जवळपास २० टक्के. म्हणजे पाचात एक. ती खाऊन माजलेली नाही. भात-भाकरीवर पोट भरणारी, थायरॉईडची, बाळंतपणानंतर अंगाकडे पाहायला उसंत न मिळालेली अशी ती असते. आणि समजा ती नुसती खाऊनपिऊन जाड झाली असेल, तरी तिचा जीव स्वस्त होतो काय?

एक गोष्ट आपसातली सांगते. त्या दिवशी रांगेत हसणाऱ्यांत आपल्या बायाही होत्या. गटाच्या बैठकीत “ये गं हत्तीण” म्हणणाऱ्याही आपणच. याची चर्चा व्हायला हवी, आजच.

पाळण्यावरच्या पोरांशी मात्र भांडत बसू नका. ती परमुलखातून आलेली असतात, पाळण्याखालीच झोपतात. त्यांना मालकानं काही शिकवलेलं नसतं. जाब विचारायचा तो मालकाला आणि परवानगी देणाऱ्याला. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ खाली सार्वजनिक करमणुकीच्या जागांना नियम लावण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहे. पाळण्यांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्युरोचं मानकही आहे, क्रमांक १५४७५. तेव्हा जत्रेच्या महिनाभर आधी अर्ज द्यायचा. पाळण्याचं तपासणीचं प्रमाणपत्र तिकीट खिडकीजवळ सगळ्यांना दिसेल असं लावा. एका पेटीत किती माणसं, ते मराठीत लिहा. पाळणा थांबलेला असताना आधी बसून, दांडा लावून बघू द्या, नाही बसला तर तिकिटाचे पैसे परत. केस, पदर, ओढणी बांधून घ्यायला सांगणारी एक बाई प्रत्येक पाळण्यावर नेमा. जानेवारी २०२३ मध्ये कर्नाटकात श्रीरंगपट्टणच्या जत्रेत एका मुलीचे केस पाळण्यात अडकले होते, ते आठवत असेल. अर्जाला उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात प्रमाणपत्राच्या प्रती मागायच्या. तो अर्ज कसा लिहायचा हे आपल्या गटांना आता शिकवायला नको.

आणि पाळण्यात बसल्यावर खटका ऐकू आला नाही तर मोठ्यानं ओरडायचं, “थांबव रे, लागला नाही!” हसू देत. शेजारच्या पेटीतल्या बाईनंही ओरडायचं.

माळेगावच्या अर्जाचा मसुदा मागच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात लातूरच्या मैत्रिणींनी सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी नाव बदलून घ्यावं. सह्या जेवणाच्या सुट्टीत घेऊ. ज्यांचा अंगठा आहे त्यांच्यासाठी शाईचा पॅड तिथेच आहे.