आम्हांलाही मूल हवे होते

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आम्ही दोघे नवरा-बायको तुमच्यापुढे उभे आहोत. बोलणार एक, पण शब्द दोघांचे. काल रात्री दिव्याखाली बसून दोघांनी ते वहीत उतरवले. म्हणून यात 'मी' येणार नाही, 'आम्ही' येईल. वर्गातले तुम्ही आम्हांला ओळखताच. पण हे पुढे छापून दुसऱ्या गावांत जायचे आहे. तेव्हा नाव-गाव घेणार नाही.

आम्हां दोघांच्या रक्तात एच.आय.व्ही. आहे. हा डोळ्यांना न दिसणारा विषाणू. तो अंगाची रोगाशी झुंजायची ताकद खातो. तो कसा लागतो, कसा लागत नाही, ते तुम्ही मागच्या पाठात वाचले आहे. एका ताटात जेवल्याने तो लागत नाही, हे तर तुम्हांला आता तोंडपाठ आहे. आज आम्ही दुसरेच बोलणार आहोत. ज्यांच्या अंगात हा विषाणू आहे त्यांनाही मूल हवेसे वाटते. त्याविषयी कुणी बोलत नाही. म्हणून आम्ही बोलतो.

आधी आमची हकिकत ऐका.

आमच्यातल्या बाईचे पहिले लग्न २००५ साली झाले. पुढे मुलगा झाला. बाळंतपण घरी, सुईणीच्या हातून. गरोदरपणी रक्त तपासायचे असते, हे घरात कुणाला ठाऊक नव्हते. मुलगा दहा महिन्यांचा होऊन गेला. सारखी हगवण, सारखा ताप. नेमके काय झाले ते कुणी सांगितले नाही, आणि विचारायचे कुणाला? वर्षाच्या आत नवराही गेला. मग तपासणी झाली, तेव्हा कळले. सासरच्यांनी माहेरी पाठवून दिले.

आमच्यातल्या पुरुषाला २०१० साली क्षय झाला. साखर कारखान्यात हंगामी काम होते. खोकला जाईना, म्हणून तपासले, तर हेही निघाले. आमची ओळख झाली ती ए.आर.टी. केंद्राच्या रांगेत. ए.आर.टी. केंद्र म्हणजे जिथे या विषाणूवरच्या गोळ्या फुकट मिळतात ते ठिकाण. २०१३ साली आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केले. चार माणसे होती. पेढे मात्र वाटले, बरं का.

त्यावेळीही लोक म्हणाले, अशा माणसांना लग्नाचा हक्क असतो का? तर ऐका. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात, अशा माणसाचा लग्नाचा हक्क स्थगित राहतो, असे म्हटले होते. त्यावर पुन्हा दाद मागितली गेली. २००२ साली न्यायालयानेच सांगितले की, ते म्हणणे त्या खटल्यात करायची गरज नव्हती. तेव्हा लग्नाला आडकाठी नाही. जोडीदाराला आधी खरे सांगितले पाहिजे, एवढेच.

आता मुलाचे.

लग्नानंतर पहिली दोन वर्षे आम्ही हा विषय काढलाच नाही. मनात दोघांच्याही होते. मरणाची तयारी करणारा माणूस पोराबाळांचा विचार करीत नाही. आम्ही दोघांनीही ती तयारी केली होती. एकाने तर उसनवारी फेडून टाकली होती. पण गोळ्या सुरू झाल्या. अंगावर मांस चढले. भूक लागू लागली. कामावर जाऊ लागलो. मग एके दिवशी शेजारणीचे पोर उंबऱ्याशी रांगत आले, आणि आम्ही दोघे एकमेकांकडे न बघता उठून गेलो. त्या रात्री बोललो.

मूल कशाला हवे, असे आम्हांला पुष्कळांनी विचारले. तुम्हांला कुणी विचारले आहे का? तुमच्या घरी पाळणा हलला तेव्हा कुणी म्हटले का, की कारण सांगा? आम्हांलाही इतरांसारखेच हवे होते. घरात आवाज हवा होता. गेलेल्या मुलाची आठवण होती. आणि खरे सांगायचे तर, आपणही चारचौघांसारखे आहोत हे स्वतःलाच दाखवायचे होते. हे कारण चांगले की वाईट, ते आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.

त्यात दोन्हीकडून बोलणी. ज्या नातेवाइकांना आमचा आजार ठाऊक नव्हता ते म्हणत, "अजून कसं काही नाही? देवरुषाला दाखवा." ज्यांना ठाऊक होता ते म्हणत, "देवानं वाचवलंय तेवढं पुरे. लेकराला जन्म देऊन त्याला आगीत टाकता का?" एक म्हणे पाहिजेच, दुसरा म्हणे नकोच. आम्हांला काय हवे, ते कुणी विचारीना.

२०१५ साली आम्ही एका मोठ्या दवाखान्यात जाऊन विचारले. तिथल्या बाई सर्वांदेखत म्हणाल्या, "लाज नाही वाटत? आपलं निस्तरत नाही, आणि पोर पाहिजे!" आम्ही खाली मान घालून बाहेर आलो. तीन वर्षे पुन्हा तोंड उघडले नाही.

मंडळी, या रागावण्याने काय होते ते सांगतो. आमच्या ओळखीचे एक जोडपे होते. त्यांनाही असेच कुणी रागावले. त्यांनी विचारणे सोडले. पण इच्छा काही सुटली नाही. बाईला दिवस गेले. केंद्रात कळले तर ओरडतील म्हणून ती तिथे जायची थांबली. गोळ्या संपल्या. दुसऱ्या गावी, आपला आजार न सांगता बाळंत झाली. त्या मुलाला विषाणू लागला. आज ते मूल गोळ्यांवर आहे, शाळेत जाते, खेळते. पण त्याला तो लागायला नको होता. मूल मागितले म्हणून तो लागला नाही. मागणे लपवावे लागले, म्हणून लागला.

आता हा विषाणू आईकडून बाळाला कसा जातो ते पाहू. पोटात बाळ असते तेव्हा मध्ये वार असते. आईचे आणि बाळाचे रक्त सहसा मिसळत नाही. तरी काही वेळा विषाणू वार ओलांडतो. बाळंतपणात रक्त आणि पाणी बाळाच्या अंगाला लागते, तेव्हा धोका जास्त. तिसरी वाट अंगावरच्या दुधाची. औषध काहीच नसेल तर अशा शंभर आयांच्या बाळांपैकी पंधरापासून पंचेचाळिसांना तो लागतो. म्हणजे औषध नसतानाही निम्म्याहून जास्त बाळे सुटतात. आमचे पहिले मूल त्यांत नव्हते, असे आम्हांला वाटते. तपासणी झाली नाही, म्हणून खात्रीने सांगता येत नाही.

आणि औषध असेल तर? आईने गोळ्या नीट घेतल्या तर हा आकडा शंभरात पाचाच्या खाली येतो. दिवस जाण्याआधीपासून विषाणू दबलेला असेल आणि पुढेही तसाच राहिला, तर शंभरात एकाच्याही खाली.

दबलेला म्हणजे काय? शेतातली हरळी तुम्ही पाहिली आहे. खुरपली की रान स्वच्छ दिसते. पण मुळी आत असते. खुरपणी थांबली की ती पुन्हा वर येते. आमच्या गोळ्या म्हणजे ही खुरपणी. विषाणू अंगातून जात नाही, पण रक्तात इतका कमी होतो की यंत्रालाही सापडत नाही. सरकारी केंद्रांतून फुकट गोळ्या १ एप्रिल २००४ पासून मिळू लागल्या. पहिल्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०१४ सालापासून प्रत्येक बाधित गरोदर बाईला जन्मभराच्या गोळ्या लगेच सुरू होतात. त्याआधी बहुतेकींना कळा सुरू झाल्यावर एक गोळी देत, आणि बाळाला थोडे औषध. २०१७ पासून तर ज्याला विषाणू सापडेल त्या प्रत्येकाला थांबून न राहता गोळ्या मिळतात.

रक्तात विषाणू किती आहे हे मोजण्याच्या तपासणीला व्हायरल लोड म्हणतात. २०१८ साली आमची ही तपासणी झाली. रिपोर्ट इंग्रजीत. केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी वाचून दाखवला. यंत्राला विषाणू सापडला नव्हता, दोघांच्याही रक्तात. मग त्या ताई आपणहून म्हणाल्या, "तुम्हांला मूल हवंय का? मनात असेल तर आताच सांगा." आमच्यातली बाई तिथेच रडली. पाच वर्षे त्या केंद्रात जात होतो. तोवर कुणी असे विचारले नव्हते.

ताई म्हणाल्या, घाई करू नका. आणखी सहा महिने एकही गोळी चुकवू नका, मग पुन्हा मोजू. क्षयाची तपासणी केली. रक्त कमी होते, त्यावर औषध दिले. २०१९ च्या सुरुवातीला पुन्हा मोजले. पुन्हा सापडला नाही. मग त्यांनी सांगितले, आता हरकत नाही.

इथे एक गोष्ट मधेच सांगतो, कारण लोक विचारतात. आम्ही दोघेही बाधित. पण पुष्कळ घरांत एकालाच विषाणू असतो, दुसऱ्याला नसतो. त्यांनी काय करावे? अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक मोठी पाहणी झाली. त्यांत पुण्याची आणि चेन्नईची जोडपीही होती. २०११ साली निष्कर्ष आला : बाधिताला लवकर गोळ्या दिल्या तर जोडीदाराला लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. पुढच्या पाहण्यांतून कळले की, विषाणू दबून राहिला असेल तर संबंधातून तो जोडीदाराला जातच नाही. तेव्हा अशा घरांतही पाळणा हलू शकतो. मात्र आधी केंद्रात विचारा, मोजून घ्या. अंदाजाने चालू नका.

दिवस गेले. गोळी रोज रात्री नऊला. तेव्हाच्या गोळीने डोके गरगरायचे, भलभलती स्वप्ने पडायची. तरी चुकवली नाही. जानेवारी २०२० मध्ये सरकारी रुग्णालयात बाळंतपण झाले. पोट फाडावे लागेल, असे सगळे म्हणत होते. तसे नसते. केवळ या विषाणूपायी पोट फाडायची गरज पडत नाही. दुसरी अडचण असेल तरच. आमची मुलगी आपोआप झाली.

तिथेही एकाने केसपेपरवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत आमचा आजार लिहिला होता. सगळ्या वॉर्डाने वाचला. एक जण म्हणाला, "आता ऑपरेशन करून टाका, पुन्हा नको." मंडळी, याबद्दल कायदा आहे. २०१७ साली तो झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. बाधित बाईला तिच्या संमतीवाचून गर्भ पाडायला लावता येत नाही, नसबंदी करता येत नाही. माणसाचा आजार असा चव्हाट्यावर मांडता येत नाही. आम्हांला हे ताईंनी सांगितले होते, म्हणून आम्ही 'नाही' म्हणू शकलो. आवाज कापत होता, पण म्हटले.

मग खरी लढाई घरात. बाळाला सहा आठवडे रोज औषधाचे थेंब द्यायचे. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध. पाणी नाही, मध नाही, बाळगुटी नाही. वरचे आणि अंगावरचे असे दोन्ही पहिल्या महिन्यांत चालले तर बाळाच्या कोवळ्या आतड्याला इजा होते, आणि विषाणूला वाट मिळते. आता हे आजीला कसे सांगायचे? आजी सहाण घेऊनच बसली होती. तिला आमचा आजार ठाऊक नव्हता. "आम्ही सगळी गुटीवरच वाढलो," म्हणायची. शेवटी तिला एका रात्री सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग उठली आणि सहाण फडताळात वर ठेवून आली.

सहाव्या आठवड्यात बाळाची टाच टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतले. ते वाळवून शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवले. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस आम्हांला विचारू नका. चांगला आला. सहाव्या महिन्यात पुन्हा, तेव्हा टाळेबंदीमुळे एस.टी. गाड्यांचा भरवसा नव्हता. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर तिघे गेलो. बाराव्या महिन्यात पुन्हा. शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात. इतका उशीर का? तर साध्या तपासणीत विषाणू दिसत नाही. त्याच्याशी झुंजणारी प्रतिपिंडे दिसतात. बाळाच्या रक्तात ती आईकडून आलेली असतात. ती ओसरायला तेवढे महिने लागतात. आधी साधी तपासणी केली तर बाळाला काही नसतानाही 'आहे' असे दिसेल, आणि आई उगीच छाती पिटील.

जुलै २०२१ मध्ये तो कागद हातात आला. मुलगी निरोगी आहे. त्यावर काय लिहिले आहे ते आमच्यातली बाई आता स्वतः वाचते. या वर्गात येऊन शिकली ती.

सगळ्यांनी मूल होऊ द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. केंद्रात आमच्या ओळखीचे एक जोडपे आहे. त्यांनी नको ठरवले, आणि सुखात आहेत. एका बाईवर सासरचे जबरदस्ती करीत होते, तिला नको होते. तिचेही ऐकले पाहिजे. नऊ महिने वाहायचे तिला आहे.

आणि ज्यांना हवे आहे त्यांनी दिवस जायच्या आधी केंद्रात जाऊन विचारावे. एकाने हाकलले तर दुसऱ्याला विचारावे. आम्ही तीन वर्षे वाया घालवली. १०९७ या क्रमांकावर फोन फुकट लागतो. नाव सांगावे लागत नाही.

आमची मुलगी आता शाळेत जाते. रात्री नऊ वाजले की तांब्या-भांडे तीच आणून ठेवते. "आई, गोळी. बाबा, गोळी." कशाची गोळी, ते तिने परवा विचारले. आम्ही म्हटले, ताकदीची. तेवढ्यावर ती झोपली. खरे सांगावे लागेल. कोणत्या वर्षी, कोणत्या शब्दांत, त्यावर आमचे दोघांचे अजून एकमत झालेले नाही.

आता तुम्हांला काही विचारायचे असेल तर विचारा. मोठ्याने विचारायला जड वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून इथे ठेवा. लिहायला तर तुम्ही शिकलाच आहात.