ऋण सोडणारा देव
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



यवतमाळ जिल्ह्यात ‘कर्ज’ या शब्दाचा अर्थ कोणास सांगावा लागत नाही. २००८, २०१७ आणि २०१९ साली कर्जमाफ्या जाहीर झाल्या. प्रत्येक वेळी पात्र कोण आणि अपात्र कोण, हे अटींवरून ठरले. माणसाच्या माफीस मर्यादा असतेच.

प्रभू येशूने पापासही कर्जाचीच उपमा दिली. १९५३ ते १९८३ या काळात ज्या यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरीने धर्मसेवक घडविले, तेथे ही शिकवण नवी नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात एका चाकराकडे राजाचे दहा हजार तालांत येणे आहे. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी. सात पिढ्या राबल्या तरी हे ऋण फिटणारे नव्हते. चाकराने केवळ मुदत मागितली. राजाने सारे कर्जच सोडले. देवाच्या दयेचे अनन्यत्व ते हेच. ती पात्रता पाहत नाही. मात्र सोडलेल्या कर्जाची तूट कोणास तरी सोसावी लागते. वधस्तंभावर ती देवाने स्वतः सोसली, अशी आमची श्रद्धा आहे.

पुढे तोच चाकर शंभर दिवसांच्या मजुरीसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. ही कथा आम्हांस वॉर्डात वारंवार आठवते. विष घेतलेला शेतकरी शुद्धीवर येतो, तेव्हा त्यास मान वर करवत नाही, आणि उशाशी बसलेल्यांच्या मनात दुःखाबरोबर रागही असतो. अशा माणसास शिक्षा न होता उपचार व आधार मिळावा, अशी तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. कायदा दंड टाळू शकतो. घरात पुन्हा सामावून घेणे घरच्यांच्याच हाती असते.

म्हणून आप्तजनहो, त्यास आधी जाब विचारू नका. जेवलास का, एवढेच विचारा. देणगीदारहो, दानाने पापक्षमा विकत मिळते असे आम्ही सांगणार नाही. ती विकत मिळतच नाही. ज्यांना पुष्कळ सोडून दिले गेले, त्यांनी दुसऱ्याचे थोडे सोडावे, या भावनेने आपण गरीब रुग्णाचे बिल भरावे.

वर्षभरात आमच्याकडूनही कोणाशी कठोर बोलणे झाले असेल, कोणास ताटकळावे लागले असेल. त्या सर्वांची आम्ही नम्रपणे क्षमा मागतो.

दयाघन परमेश्वर आपणां सर्वांस शांती देवो.